चौदा मैलांची पैज

जुलैच्या तीन तारखेला लिनेट शार्लटहून चार तास गाडी हाकत आईच्या दारात उतरली आणि हातातली पर्स खाली ठेवायच्या आत तिनं विचारलं, "आई, तो खोका कसला?"

खोका गॅरेजच्या मधोमध होता. व्हर्नेलबाईंनी तो लपवला होता, म्हणजे त्याच्यावर फ्लेमिंगोचं चित्र असलेला टॉवेल टाकला होता. शंभर पौंडांच्या खोक्यावर गुलाबी टॉवेल टाकला की तो लपत नाही, उलट नटतो.

"बॅटरी आहे," व्हर्नेलबाई म्हणाल्या. "गोल्फ कार्टची. लिथियमची. डार्सीनं मागवली. तुझ्याच मुलीनं. मी फक्त सही केली."

"आजी!" कार्टच्या खालून आवाज आला. "दोघींनी मिळून कबूल करायचं ठरलं होतं!"

"मग बाहेर ये आणि कर कबूल. मी एकटी किती करू?"

डार्सी पाठीवर सरकत बाहेर आली. चोवीस वर्षांची पोरगी, गालाला काळं ग्रीस, हातात पाना. आईला बघून तिनं पाना पाठीमागे नेला. ही चाल आजीच्या टॉवेलइतकीच उपयोगाची होती.

लिनेटनं पर्स ठेवली आणि कपाळावरचा घाम पुसला. मार्चपासून या घरात दुसरा विषय नव्हता. मार्चमधल्या एका बुधवारी व्हर्नेलबाई चिकनचं भांडं मांडीवर घेऊन चर्चला निघाल्या आणि हायवेखालच्या बोगद्यात त्यांच्या विजेवरच्या छोट्या कार्टनं राम म्हटला. चाळीस मिनिटं त्या अंधारात बसून होत्या. शेवटी शाळेच्या बँडमधली पोरं आली, त्यांनी ढकलत ढकलत कार्ट बाहेर काढली आणि वर ट्रंपेटही वाजवला. व्हर्नेलबाईंना त्याची इतकी मजा वाटली की त्यांनी ती हकीकत रविवारी चर्चमध्ये चार जणांना चार प्रकारे सांगितली. पाचव्या प्रकारे ती शार्लटला पोचली, आणि लिनेटला त्यात मजेची जागाच सापडेना. एक्याऐंशी वर्षांची आई, एकटी, अंधारात, एवढंच तिला ऐकू आलं.

मोटारगाडी तर त्यांनी आदल्याच वर्षी सोडली होती. मान वळत नव्हती. न वळणाऱ्या मानेनं मागे घेतलेल्या गाडीनं बॅप्टिस्टांच्या चर्चचा फलक आडवा केला होता, तोही नेमका 'देव सगळं पाहतो' असं लिहिलेला. व्हर्नेलबाई मेथडिस्ट, म्हणजे दुसऱ्या पंथाच्या. आमच्या गावात त्यावर महिनाभर चर्चा झाली. तेव्हापासून कार्ट हेच त्यांचे पाय. चर्च, वाचनालय, केस कापायला, तलावापलीकडे धाकट्या बहिणीकडे, सगळीकडे कार्टच्या पायवाटेनं जाता येतं आणि त्या वाटेवर मोटारी येत नाहीत. डॉक्टरांनी मोठा आरसा लावून घ्यायला सांगितलं आणि खुशाल फिरा म्हणाले. नवरा हॉलिस जाऊन दोन वर्षं झाली होती, पण कार्ट होती तोवर व्हर्नेलबाई कुणाच्या मिंध्या नव्हत्या.

लिनेटनं आपल्या घरापासून दहा मिनिटांवर वृद्धांसाठीच्या एका चांगल्या जागेत खोली पाहून ठेवली होती. ऑगस्टपासून. तिला खिडकी होती आणि खिडकीबाहेर बाग होती. हे ती फोनवर इतक्यांदा बोलली होती की व्हर्नेलबाईंना त्या बागेतली झुडपं तोंडपाठ झाली होती.

"आई, बॅटरी बदलून काय होणार आहे?"

"चौदा मैल होणार आहेत." व्हर्नेलबाईंनी स्टूल ओढलं आणि न्यायाधीशासारख्या बसल्या. "उद्या चार जुलै, स्वातंत्र्यदिन. मिरवणूक, मग चर्चचं मैदान, मग तलावाला वळसा घालून इमोजीनकडे आणि बोगद्यातून घरी. न ढकलता, कुणाला फोन न करता. शेजारी तू बसायचंस. जमलं तर मी इथंच राहणार आणि त्या बागेचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर ऑगस्टात बॅगा भरते. तोंडातून ब्र काढणार नाही."

"आजी, हे नव्हतं ठरलं!" डार्सी किंचाळली.

"हे मी आत्ता ठरवलं."

लिनेट आईकडे बघत राहिली. आई थट्टेत काही बोलत असली तरी शब्द फिरवत नसे, हे तिला पन्नास वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं. "चालेल," ती म्हणाली. "पण रॉयसला विचारू. तो माझ्या बाजूनं आहे."

रॉयस होताच तिच्या बाजूनं. मोठा भाऊ, एकतीस वर्षं अटलांटाच्या विमानतळावर मेकॅनिक, आता निवृत्त. तासाभरात तो कलिंगड आणि हत्यारांची पेटी घेऊन आला. (रॉयस लग्नालाही हत्यारांची पेटी घेऊन जातो.) त्यानं टॉवेल उचलला, खोक्यावरचं वाचलं आणि टॉवेल परत टाकला.

"नाही."

"मामा, ऐकून तर घे."

"डार्सी, एकदा एका प्रवाशाच्या फोनची बॅटरी पेटली म्हणून भरलेलं विमान परत उतरवलं होतं. ती जळालेली सीट मी या हातांनी काढली आहे. जी वस्तू विमान खाली आणते, ती मी माझ्या आईच्या बुडाखाली ठेवू?"

"फोनमधली वेगळी, ही वेगळी. हिच्यात लोह-फॉस्फेट असतं. सहसा पेटत नाही."

"'सहसा' हा शब्द विमानात चालत नाही."

"पण आजी उडणार आहे कुठं?"

"तिचा काय भरवसा!" रॉयस म्हणाला, आणि लिनेटनं समाधानानं मान हलवली.

खरं सांगायचं तर रॉयसला भीती आगीची नव्हती. सीट उचलली की खाली सहा जुन्या बॅटऱ्या दिसत. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात तारीख घातलेली, बाबांच्या हातची. सहा वर्षांपूर्वी त्या दोघांनी मिळून बसवल्या होत्या. एक जड धूड तो उचलायचा, एक बाबा. दर शनिवारी बाबा चष्मा कपाळावर चढवून प्रत्येकीत शुद्ध पाणी घालत, आणि पोरं लहान होती तेव्हापासून तो एकच नियम सांगत आलेले: गॅरेजमधून जो शेवटी घरात येईल, त्यानं कार्टला चार्जर लावून यायचं. कोण दमलंय, कोण रडतंय, कोण भांडून आलंय याला माफी नव्हती. पहिली कार्ट गेली, दुसरी आली, नियम तोच. त्या सहा बॅटऱ्या काढायच्या म्हणजे बाबांचा हात तिथून काढायचा, असं काहीसं रॉयसला वाटत होतं, आणि असलं काही तोंडानं म्हणायची त्याला सवय नव्हती. म्हणून तो विमानाच्या गोष्टी सांगत होता.

"बरं," व्हर्नेलबाई शांतपणे म्हणाल्या, "तू नको करू. डार्सी करेल."

हा डाव होता. चांगलाच होता.

डार्सीनं जाड केबल घेतली, तिच्या टोकावर तांब्याचा डोळा, म्हणजे बोल्टात अडकवायचं कडं, चढवला, साध्या पक्कडीत धरला आणि वरून हातोडी मारली. रॉयस कलिंगड कापत होता. दुसऱ्या घावाला त्याचा सुरा थांबला. तिसऱ्या घावाला त्यानं सुरा खाली ठेवला.

"काय करतेस?"

"जोडणी."

"ही जोडणी? याला जोडणी म्हणतात? ओढून बघ."

डार्सीनं ओढलं. डोळा तिच्या हातात आला.

"बाजूला हो," रॉयस म्हणाला.

"रॉयस!" स्वयंपाकघराच्या दारातून लिनेट ओरडली. "तू माझ्या बाजूनं होतास!"

"अजून आहे. पण ढिली केबल कुणाच्याच बाजूची नसते."

मग दुपारभर जे चाललं त्याचं वर्णन लिनेटनं पुढे 'कट' असं केलं. रॉयसनं सगळ्यांच्या अंगठ्या आणि घड्याळं उतरवून ठेवायला लावली, पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळली, आधी ऋण टोक सोडवलं, आणि प्रत्येक पायरी मोठ्यानं म्हणून दाखवली. डार्सीला दर पायरीनंतर 'झालं' म्हणावं लागत होतं. पट्टा लावून एकेक जुनी बॅटरी उचलली. पहिली रॉयसनं अंड्यांच्या टोपलीसारखी अलगद खाली ठेवली. दुसरीवरच्या तारखेवरून त्यानं अंगठा फिरवला. तिसरीला डार्सी म्हणाली, "मामा, आजोबांचं अक्षर किती घाण होतं!" आणि तो इतका हसला की बॅटरी हातातून सुटता सुटता राहिली. सहावी उतरली तेव्हा कार्टचा मागचा भाग वर आला, ओझं काढल्यावर गाढवानं पाठ ताणावी तसा.

"तीनशे ऐंशी पौंड," रॉयस घाम पुसत म्हणाला. "म्हणजे आई रोज दोन माणसं जास्तीची घेऊन फिरत होती."

"आणि त्यांतलं एकही गप्पा मारत नव्हतं," व्हर्नेलबाई म्हणाल्या.

ॲसिडनं खाल्लेला ट्रे त्यांनी खायच्या सोड्यानं स्वतः धुतला. नवी बॅटरी एकच, सुटकेसएवढी. ती मधोमध बसली आणि दोन्ही बाजूंना इतकी जागा उरली की व्हर्नेलबाईंनी तिथं छत्री ठेवायचं नक्की करून टाकलं. चार्जर लावायचं सॉकेट तेवढं जुनंच ठेवलं, कारण नव्या चार्जरचं तोंड त्यात बसत होतं. डार्सीनं नव्या चार्जरनं बॅटरी काठोकाठ भरली आणि तो गुंडाळून कपाटात ठेवला. जुना चार्जर भिंतीवर हॉलिसनं आठ स्क्रू मारून पक्का केलेला होता. "तो सकाळी काढतो," रॉयस म्हणाला. त्याची पाठ दुखत होती.

लिनेट सगळा वेळ स्वयंपाकघरात उकडलेले बटाटे सोलत होती. गॅरेजमधून हसण्याचा आवाज आला की बटाट्याची साल जरा जाड निघायची. तिघं एका बाजूला आणि ती एकटी. तिला वाटलं, मी या घरातली खलनायिका कधी झाले? ती नर्स होती. म्हातारी माणसं पडतात ती कशी पडतात, किती वेळानं सापडतात, हे ती रोज पाहत होती. बाबा गेले त्या दिवशी ती ड्यूटीवर होती, दुसऱ्याच कुणाच्या तरी बाबांपाशी. फोन आला आणि चार तासांचा रस्ता कापून ती पोचली तेव्हा सगळं झालं होतं. ते पुन्हा नको होतं, बस. पण ते सांगायला गेलं की तोंडातून खोली, खिडकी आणि बागच बाहेर पडायची.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर ती बर्फाची पिशवी आणायला गॅरेजमध्ये गेली. कोपऱ्यात सहा जुन्या बॅटऱ्या रांगेनं ठेवल्या होत्या. ती थोडा वेळ कार्टमध्ये बाबांच्या जागेवर बसली, एक-दोनदा नाक पुसलं, बर्फ घेतला आणि आत आली.

चार जुलैला सकाळी साडेसात वाजता गॅरेजमध्ये लाल, पांढऱ्या, निळ्या झिरमिळ्या लावलेली कार्ट उभी होती. तिच्यात जीव नव्हता.

डार्सीनं किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. दिवासुद्धा लागेना. रॉयसनं हातातली कॉफी ठेवून मीटर लावला. "शून्य," तो म्हणाला. "काल चोपन्न व्होल्ट होती. शून्य कशी होईल?"

मग त्याची नजर सॉकेटकडे गेली. त्यात वायर होती. वायर भिंतीवरच्या जुन्या चार्जरला गेलेली होती.

रॉयसनं हळूच वायर उपसली. "भरलेल्या बॅटरीला रात्रभर हा जुना राक्षस," तो म्हणाला. "हा शिशाच्या बॅटरीसाठी आहे. ढोसतच राहतो." मग आवाज खाली आणून, "आई... तू लावलीस का?"

व्हर्नेलबाई झिरमिळ्यांची टोपी घालून दारात उभ्या होत्या. टोपी त्यांनी काढली.

"मी?"

"रागावत नाहीये. सवयीनं हात जातो..."

व्हर्नेलबाई स्टुलावर बसल्या. काल रात्री आपण काय काय केलं ते एकेक करून आठवू लागल्या. दात घासले. खिडकी लावली. इमोजीनला फोन केला. त्यात गॅरेज कुठंच नव्हतं. पण नसतं तसं. रोज केलेली गोष्ट आठवत नाही, न केलेलीच आठवते. आणि वायर तर समोर लटकत होती.

"लावली असेन," त्या म्हणाल्या. "मला आठवत नाही." पुढचं वाक्य त्यांनी मांडीवरच्या टोपीला सांगितलं. "मला आठवतच नाही, रॉयस. म्हणजे लिनेट म्हणते तेच खरं. आज चार्जर विसरले, उद्या शेगडी विसरेन. पैज ती पैज. लिनेट, त्या खोलीत माझी शिवणाची मशीन मावेल का गं?"

हा प्रश्न ऐकायला लिनेट मार्चपासून थांबली होती. फ्रीझरला टेकून ती उभी होती, हातात बटाट्याच्या सॅलडचं भांडं. मशीन मावत होती. खिडकीपाशी बरोबर मावत होती. तिनं मापं घेतली होती.

आणि वायर तिनं लावली होती.

काल संध्याकाळी बर्फ काखेत धरून, नाक पुसत, दाराकडे जाता जाता. विचार न करता. वयाच्या दहाव्या वर्षापासून या गॅरेजमधून शेवटी आत जाताना तिनं ती वायर लावलीच होती, आणि चाळीस वर्षांनीही तो हात तसाच गेला. बाबांच्या नियमाला माफी नव्हती ना. हे तिला आत्ता, या क्षणी लख्ख आठवत होतं. तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. रॉयस आईकडे बघत होता, डार्सी रडायच्या बेतात होती. नुसतं गप्प बसायचं होतं. अर्धा मिनिट. आई ऑगस्टात दहा मिनिटांवर राहायला आली असती आणि बाकीचा जन्म स्वतःला विसरभोळी समजली असती.

"मी लावली," लिनेट म्हणाली.

"काय?"

"वायर. मी. बर्फ आणायला आले होते काल. शेवटी मीच आत गेले."

रॉयस वळला. "मुद्दाम?"

"आई!" डार्सी ओरडली. "तू मुद्दाम..."

"मुद्दाम केलं असतं तर सांगितलं असतं का, गाढवांनो?" लिनेटनं भांडं फ्रीझरवर आदळलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते आलं म्हणून तिला आणखी राग आला. "शेवटी येईल त्यानं लावायची! लहानपणी एकदा विसरले तर बाबांनी मला झोपेतून उठवून पाठवलं होतं, पावसात, पायजम्यावर! मी काय करू? माझा हात गेला!"

व्हर्नेलबाईंना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग टोपी खाली पडली, मग त्या मांडीवर थापा मारत सुटल्या. "हॉलिस!" त्या छताकडे बघून म्हणाल्या. "ऐकलंस का? तुझ्या पोरीनं माझी बॅटरी मारली रे!" रॉयस हसायला लागला. डार्सी रडता रडता हसायला लागली. शेवटी लिनेटही.

"थांबा, थांबा," डार्सी माहितीपुस्तक उलटत म्हणाली. "मेलीय कुठं? इथं लिहिलंय. जास्त भरली तर आतली रखवालदार पट्टी सगळं बंद करून बसते. वायर काढायची, अर्धा तास थांबायचं, मग हे बटण पाच सेकंद दाबायचं."

"म्हणजे रुसून बसलीय," व्हर्नेलबाई म्हणाल्या. "ह्या घरात शोभेल."

रॉयस मात्र गंभीर झाला. "चूक माझी आहे. विमानावर एखादी गोष्ट वापरायची नसली की तिला लाल फीत बांधतो आम्ही. एकतीस वर्षं बांधली. आणि इथं म्हणालो, सकाळी बघू." त्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि त्या अर्ध्या तासात भिंतीवरचे आठही स्क्रू काढले. त्यातले तीन हॉलिसनं वाकडे मारले होते. त्यांच्याशी झगडताना तो बाबांना जे काही बोलला ते छापण्यासारखं नाही.

आठ वाजून दहा मिनिटांनी डार्सीनं बटण दाबलं आणि चौघांनी मोठ्यानं पाच आकडे मोजले. हिरवा दिवा लागला. रॉयसनं मीटर लावला, मग पाऊण तास बॅटरीवर हात ठेवून ती तापते का ते बघितलं, आणि मगच म्हणाला, "जा. पैज चालू."

मिरवणुकीत त्या वर्षी दोनशेवर कार्ट होत्या. पण आमच्या गावात अजून सांगतात ते चढाबद्दल. गोल्फच्या मैदानामागचा तो लांब चढ व्हर्नेलबाई गेली दोन वर्षं इतक्या हळू चढत असत की मागची माणसं उतरून पायी पुढं जात आणि वर जाऊन वाट बघत. त्या दिवशी चढ आला आणि व्हर्नेलबाईंनी सवयीनं पाय पूर्ण दाबला. कार्ट हलकी झालेली, बॅटरी ताजी. ती उधळली.

"आई! हळू!"

"हळूच चाललेय! हीच मला घेऊन चाललीय!"

त्यांनी सरबताचं पिंप लावलेली एक कार्ट मागे टाकली, मग अख्खं शाळेचं चिअरलीडर पथक, मग चर्चचे मुख्य सेवक ऑर्विल पेटिग्रू, ज्यांनी गेल्या चार जुलैला याच चढावर त्यांना मागे टाकताना टोपी काढून नमस्कार केला होता. व्हर्नेलबाईंनी टोपी काढली आणि वाकून नमस्कार परत केला. वजन गेल्यामुळे प्रत्येक खड्ड्याला कार्ट उडत होती आणि लिनेट सॅलडच्या भांड्याला मिठी मारून बसली होती. वर पोचेपर्यंत ती किंचाळत होती. किंचाळायचं थांबल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हसतोय.

चर्चचं मैदान झालं. तलावाला वळसा झाला. इमोजीन मावशी अंगणातच उभी होती, हातात मसाला भरलेल्या अंड्यांची थाळी. "व्हर्नी, ऐकलं ते खरं का? ऑर्विलला मागं टाकलंस?"

"बातमी माझ्याआधी पोचली?"

"त्याचाच फोन होता. म्हणाला, तुझ्या बहिणीला आवर." मावशी लिनेटकडे वळली. "आणि तू गं? अजून नेणार आहेस का हिला तुमच्या बागेत?"

"पैज अजून संपली नाही, मावशी," लिनेट म्हणाली आणि एक अख्खं अंडं तोंडात कोंबलं, म्हणजे पुढचं बोलावं लागणार नाही.

परतीला ऊन उतरलं होतं. बोगदा आला आणि गेला. दोघींनी एकदम श्वास सोडला. आता घर दोन वळणांवर. पहिलं वळण घेतलं. दुसरं आलं आणि व्हर्नेलबाई सरळ पुढं गेल्या.

"आई, वळण गेलं!"

"हो का?"

बेचाळीस वर्षांचं घर. बेचाळीस वर्षांचं वळण. ती आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, रोज रुग्णांकडे बघते तशी.

"जाऊ दे," व्हर्नेलबाई म्हणाल्या. "पुढून वळसा घेऊ." पाइनच्या झाडांमधून वाट जात होती आणि नव्या बॅटरीचा काही आवाज येत नव्हता. "लिनेट, सकाळी तू गप्प बसली असतीस तर मी आले असते."

"माहीत आहे."

"मशीनचा विचारसुद्धा करून झाला होता माझा."

"ती मावते, आई. खिडकीपाशी."

"मग का बोललीस?"

लिनेटनं रिकामं भांडं मांडीवर सरळ केलं. "तू माझ्याजवळ यावीस असं मला वाटतं," ती म्हणाली. "मार्चपासून नाही. बाबा गेले तेव्हापासून. मी घरी येते तेव्हा घरात कुणी नसतं. पण तू स्वतःला खुळी समजून यावीस, असं नाही. तसली आई मला नको."

व्हर्नेलबाईंनी रस्त्यावरची नजर काढली नाही. त्यांची मान वळतही नव्हती. उजवा हात तेवढा स्टिअरिंगवरून उचलला आणि लेकीच्या गुडघ्यावर ठेवला. "दोन वर्षांनी निवृत्त होतेस ना?"

"हो."

"शार्लटहून इथं यायला चार तास लागतात. मी बघितलंय, इथून तिकडं जायलाही चारच लागतात. रस्ता दोन्हीकडून सारखाच आहे."

लिनेटनं त्या हातावर आपला हात ठेवला. वाट तलावाच्या कडेनं वळून परत घराकडे आली.

अंगणात रॉयस आणि डार्सी खुर्च्या टाकून बसले होते. दोघंही उभी राहिली. रॉयसनं आधी सीटखाली हात घालून बॅटरी गरम आहे का ते पाहिलं, मग विचारलं, "काय निकाल?"

"आई राहतेय इथंच," लिनेट म्हणाली. "चौदा मैल पूर्ण."

"पंधरा," व्हर्नेलबाई खाली उतरत म्हणाल्या. "ते वळण मी मुद्दाम सोडलं. तू आणखी थोडा वेळ शेजारी बसावंस म्हणून."